पहिल्यांदाच स्कीइंग शिकायचंय: गुलमर्ग, औली की थेट अलमाटी?

निशिगंधा_पुणे

आम्ही चौघं: दोघं चाळिशीतले, मुलगी १२ वर्षांची, मुलगा ७ वर्षांचा. आजवर कोणाच्याही पायाला स्की लागलेली नाही. नुसतं बर्फात खेळून, फोटो काढून परत यायचं नाहीये, खरंच शिकायचं आहे. आठवडा संपेपर्यंत सोप्या उतारावरून वळणं घेत खाली येता आलं आणि हवं तिथे थांबता आलं तरी पुष्कळ झालं.

तारखांचे दोन पर्याय आहेत. एक नाताळची सुट्टी, २४ डिसेंबर ते १ जानेवारी. दुसरा फेब्रुवारीतले आठ-नऊ दिवस, पण त्यासाठी मुलांची शाळा बुडवावी लागेल. यादीत काश्मीरचं गुलमर्ग, उत्तराखंडातल्या गढवालातलं औली आणि हिमाचलातलं सोलंग आहेत. कझाकस्तानातल्या अलमाटीजवळच्या शिंबुलाकचं नावही अनेकांकडून ऐकलं, आणि जॉर्जियातल्या गुदौरीचंही. सगळीकडे उंची, गोंडोला (तारेवरून जाणारे बंद डबे) आणि देखावे यांचीच वर्णनं वाचायला मिळतात. शिकाऊ माणसाने नेमकं काय बघून ठिकाण ठरवायचं?

हिमवाट

आधी तारीख ठरवा, मग ठिकाण. आपल्याकडे बहुतेक जण उलटं करतात आणि तिथेच फसतात.

हिमालयातला हिवाळी बर्फ पश्चिमी विक्षोभांमुळे पडतो. भूमध्य समुद्राच्या बाजूने बाष्प घेऊन येणाऱ्या या प्रणाली आधी काश्मीरवर येतात आणि पूर्वेकडे सरकताना क्षीण होत जातात. त्यामुळे गुलमर्गला बर्फ जास्त, हिमाचलात त्याहून कमी आणि गढवालात आणखी बेभरवशाचा. काश्मीरमध्ये ‘चिल्लई कलां’चा चाळीस दिवसांचा कडाका २१ डिसेंबरला सुरू होतो. नाताळात थंडी असते, पण शिकायच्या मैदानावर जाड थर साचलेलाच असेल असं नाही. भरवशाचा काळ म्हणजे जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा शेवट. तोही अलीकडे डळमळीत झाला आहे. २०२४ साली जानेवारी जवळजवळ कोरडा गेला आणि महिनाअखेरीस बर्फ आला. २०२५ साली खेलो इंडिया हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गचा टप्पा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलावा लागला, कारण बर्फच कमी होता.

आता शिकाऊंसाठी काय बघायचं? डोंगराची उंची नव्हे, तर ज्या मैदानावर तुम्ही पहिले चार दिवस घालवणार आहात ते मैदान. उतार इतका सौम्य हवा की स्की सरळ सोडली तरी खाली सपाटीवर आपोआप थांबेल. ती सपाटी किमान वीस-तीस मीटर मोकळी असावी, तिथे झाड, खांब, रस्ता किंवा घोडे नकोत. वर जायला छोटी लिफ्ट हवी. लिफ्ट नसेल तर प्रत्येक फेरीला चालत चढावं लागतं आणि दिवसाचे निम्मे श्रम त्यातच संपतात. सात वर्षांचं मूल तर तासाभरात कंटाळतं.

युरोपात उतारांना रंग असतात. निळा म्हणजे साधारण २५ टक्क्यांपर्यंतचा उतार, अंशांत १४ च्या आसपास. लाल ४० टक्क्यांपर्यंत, त्यापुढे काळा. फ्रान्समध्ये निळ्याच्याही खाली हिरवा असतो. भारतात ही रंगांची पाटी सगळीकडे मिळत नाही. म्हणून प्रशिक्षकाला सरळ विचारा: ‘पहिल्या दिवशी कुठे नेणार, तिथे लिफ्ट आहे का, आणि सध्या तिथे दाबलेला बर्फ किती आहे?’ गवताळ मैदानावर २०-३० सेंटिमीटर दाबलेला बर्फ पुरतो. खाली दगडगोटे असतील तर त्याच्या दुप्पट हवा, नाहीतर स्कीचा तळ खरवडतो आणि स्की अचानक अडून माणूस तोंडावर पडतो.

नाताळच हवा असेल तर माझं मत शिंबुलाकला. फेब्रुवारी चालणार असेल तर गुलमर्ग.

देवदार

औलीबद्दल लिहितो, कारण तिथे जाणाऱ्यांना दोन गोष्टी आधी कोणी सांगत नाही.

पहिली, जोशीमठ ते औली हा जवळजवळ चार किलोमीटरचा रोपवे. जोशीमठमध्ये जमीन खचू लागली तेव्हा, म्हणजे जानेवारी २०२३ मध्ये, तो बंद करण्यात आला. जुन्या लेखांत आणि व्हिडिओंत तो अजून दिसतो. त्याच्या भरवशावर आखणी करू नका, वर रस्त्यानेच जायचं असं धरा. बर्फ पडल्यावर शेवटच्या टप्प्यात चाकांना साखळ्या लावलेली स्थानिक गाडीच लागते. दुसरी, अंतर. ऋषिकेशपासून जोशीमठ सुमारे २५० किलोमीटर, घाटरस्ता, नऊ-दहा तास सहज. पुण्याहून निघून विमानाने डेहराडून, मग एक मुक्काम, मग हा रस्ता. जाता-येता चार दिवस गेले की आठ दिवसांच्या सुट्टीत शिकायला चारच उरतात, त्यातही एखादा हवामानात जायचा.

बाकी उतार म्हणाल तर औलीचा उत्तम आहे. २,५०० ते ३,०५० मीटरच्या दरम्यान एकसंध, उत्तराभिमुख, त्यामुळे पडलेला बर्फ टिकतो. समोर नंदादेवी. गढवाल मंडल विकास निगमचे सात आणि चौदा दिवसांचे वर्ग असतात, त्यात राहणं, जेवण, साहित्य आणि शिकवणी एकत्र मिळते. एकट्या तरुणाला किंवा मित्रांच्या गटाला चौदा दिवसांचा वर्ग मी डोळे झाकून सुचवेन. पण बर्फ कमी म्हणून औलीतल्या स्पर्धा पुढे ढकलण्याची किंवा रद्द करण्याची वेळ अनेकदा आलेली आहे. कृत्रिम बर्फासाठी तिथे तळं आणि यंत्रं उभारली गेली, तरी त्यावर भिस्त ठेवता येत नाही. तुमच्यासारख्या चौकोनी कुटुंबाला, लहान मुलासह, मोजक्या दिवसांत मी औली सुचवणार नाही.

टेकडी_रोज

सोलंग यादीतून काढा. मनालीपासून १३-१४ किलोमीटर, पोचायला सोपं, पण बर्फ असला की त्याच उतारावर स्लेज, टायर ट्यूब, स्नो स्कूटर आणि शेकडो पर्यटक असतात. शिकाऊला वळता येत नसताना समोर माणसं म्हणजे धोकाच. तिथे तासाभराच्या हिशेबाने स्की भाड्याने देतात, त्याला शिकणं म्हणत नाहीत. अपवाद एकच, मनालीच्या अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेचे पंधरवड्याचे वर्ग. ते गंभीर आणि स्वस्त असतात, पण लहान मुलांसाठी नाहीत.

मेदेऊ

शिंबुलाकचं गणित मांडतो.

भारतीय पासपोर्टवर कझाकस्तानात १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. दिल्लीहून अलमाटीला थेट विमान आहे, चार तासांच्या आत पोचतं. शहरातून मेदेऊच्या बर्फाच्या रिंकपर्यंत बस किंवा टॅक्सी, तिथून साडेचार किलोमीटरचा गोंडोला तुम्हाला २,२६० मीटरवरच्या तळावर सोडतो. वरची हद्द तालगार खिंड, सुमारे ३,२०० मीटर. खालच्या उतारांवर बर्फ तयार करणारी यंत्रं आहेत, रात्री यंत्राने उतार दाबून सारखे करतात. नाताळात गुलमर्गपेक्षा भरवसा आहे तो यामुळे. सरकत्या पट्ट्यावर उभं राहून वर जायची सोय शिकाऊंच्या भागात आहे, सात वर्षांच्या मुलासाठी यासारखी दुसरी सोय नाही.

आता अडचणी. ३१ डिसेंबर ते ८ जानेवारी तिथली स्थानिक सुट्टीची गर्दी असते. नवं वर्ष आणि ७ जानेवारीचा ऑर्थोडॉक्स नाताळ, दोन्ही त्यात येतात. म्हणजे तुमचा २४ ते ३० डिसेंबर हा काळ बरा, ३१ ला स्की ठेवून द्या. प्रशिक्षक बहुतेक रशियन बोलणारे. इंग्रजी येणारा हवा असेल तर आधी लिहून मागा, नाहीतर मुलांना ‘गुडघे वाकवा, टाचा बाहेर’ एवढंही कळणार नाही. शनिवार-रविवारी गोंडोलाला रांगा लागतात, सकाळी नवाच्या आधी मेदेऊला पोचा. शहरात राहिलात तर रोज जाण्यायेण्यात अडीच तास जातात. हिवाळ्यात शहरावर धुराचा थर साचतो, वर गेलं की आकाश निळं असतं. दम्याचा त्रास असणारं कोणी असेल तर वरचंच हॉटेल घ्या, महाग पडलं तरी.

गुदौरी शिकाऊंसाठी मला पटत नाही. सगळा डोंगर झाडांच्या रेषेच्या वर, उघडा. ढग उतरले की आकाश आणि बर्फ एकाच रंगाचे होतात, उतार कुठे वळतोय ते दिसत नाही, आणि वारा वाढला की वरच्या लिफ्ट बंद. ज्याला स्की येते त्याच्यासाठी छान आहे. ई-व्हिसाही लागतो.

निशिगंधा_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं स्पष्ट कोणीच सांगितलं नव्हतं. शाळेशी बोललो, फेब्रुवारीचा दुसरा आठवडा जमतोय. म्हणजे गुलमर्ग. आता पुढचे प्रश्न. हॉटेल नेमकं कुठे घ्यायचं? गोंडोलाचा दुसरा टप्पा आमच्या कामाचा आहे का? इथून काय विकत न्यावं आणि तिथे काय भाड्याने घ्यावं? आणि तरीही बर्फ नसेल तर काय?

हिमवाट

हॉटेल. ‘गुलमर्ग’ म्हणून विकली जाणारी कित्येक हॉटेलं प्रत्यक्षात तंगमर्गला असतात, १३ किलोमीटर खाली. बुकिंग करताना नकाशावर ठिकाण पाहा. गुलमर्ग म्हणजे साधारण २,६५० मीटरवरची मोठी बशीसारखी कुरणं. एका अंगाला गोंडोलाचं स्टेशन, मधोमध गोल्फचं मैदान. शिकाऊंचे उतार आणि दोरीच्या छोट्या लिफ्ट त्या मैदानाच्या कडेला. तुम्हाला या उतारांपासून दहा मिनिटांच्या आत चालत पोचता येईल असं हॉटेल हवं, गोंडोलाजवळचं नव्हे. स्कीच्या बुटांत अर्धा किलोमीटर चालणंही जड जातं, त्यात मुलाच्या स्कीसुद्धा तुम्हीच उचलणार. खोली कशाने गरम होते ते विचारा. मध्यवर्ती हीटिंग की बुखारी (लाकडाची शेगडी), वीज गेली तर जनित्र किती तास चालतं, रात्री नळ गोठतात का.

गोंडोला. पहिला टप्पा तुम्हाला कोंगडोरीला, सुमारे ३,१०० मीटरवर नेतो. दुसरा तिथून अफरवट डोंगराच्या खांद्यावर, ३,९५० मीटरच्या आसपास. दुसऱ्या टप्प्यावरून स्कीने उतरायचा विचार पहिल्या वर्षी करूच नका. वरचा उतार दाबलेला नसतो, खोल भुसभुशीत बर्फ असतो. गस्ती पथक गोंडोलाखालचा मुख्य भाग तपासून खुला करतं, त्याच्या हद्दीबाहेर हिमस्खलनाची पूर्ण जबाबदारी तुमची. सुटणारे थर बहुधा ३० ते ४५ अंशांच्या उतारावरचे असतात, आणि जोरदार हिमवृष्टीनंतरचे पहिले एक-दोन दिवस सर्वांत वाईट. २०२३ आणि २०२४ या दोन्ही फेब्रुवारींत तिथे परदेशी स्कीपटूंचे जीव गेले आहेत. स्की न घेता देखावा बघायला जायचं असेल तर जरूर जा, तिकीट आधी ऑनलाइन काढा. वारा सुटला की तो टप्पा बंद होतो, म्हणून ते शेवटच्या दिवसावर ठेवू नका.

पहिल्या टप्प्याखालचा झाडांमधून येणारा उतार हा तुमचा पाचव्या-सहाव्या दिवसाचा विषय. तोही प्रशिक्षकाने ‘चला’ म्हटल्यावरच.

प्रशिक्षक. गोंडोलाच्या दारात ‘गाइड’, ‘स्लेज’ म्हणत लोक मागे लागतात. तुम्हाला गाइड नको, शिकवणारा हवा. पर्यटन खात्याचं नोंदणीपत्र मागा. एका प्रशिक्षकामागे चारपेक्षा जास्त शिकाऊ नकोत. मुलगा लहान आहे, त्याला वेगळा प्रशिक्षक घ्या, सकाळी दोन तास आणि दुपारी एक तास, त्याहून जास्त नाही. मुलगी तुमच्याबरोबर शिकू शकेल, बहुधा तुमच्या पुढेही जाईल. गुलमर्गमध्ये केंद्र सरकारची भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था आहे, तिच्या वर्गांची वयाची अट आणि तारखा आधी विचारून घ्या.

शिकण्याचा क्रम चांगला प्रशिक्षक असा ठेवतो: एका पायात स्की घालून सपाटीवर सरकणं, मग दोन्ही घालून आडवं पावलापावलाने चढणं, पडणं आणि उठणं, सरळ घसरणं, मग टाचा बाहेर ढकलून पुढची टोकं जवळ आणत, म्हणजे स्कींची पाचर करून वेग कमी करणं, आणि शेवटी त्याच पाचरीतून वळणं. पहिल्याच तासाला कोणी थेट उंचावर नेऊन ‘सोडा’ म्हणाला तर प्रशिक्षक बदला. पडताना मागे बसू नका, बाजूला कूल्ह्यावर पडा. मागे बसलं की वजन स्कीच्या शेपटाकडे जातं, वळण लागत नाही, आणि गुडघ्याच्या अस्थिबंधाला इजा होते ती बहुतेक अशाच पडण्यात. दोरीच्या लिफ्टवर गोल बैठक मांड्यांमध्ये येते तेव्हा तिच्यावर बसायचं नसतं. उभं राहायचं, ती ओढत नेते. बसलात की हमखास पडता.

बर्फ नसेल तर? श्रीनगरचा मुक्काम सुरुवातीला ठेवू नका, शेवटी ठेवा. सकाळच्या विमानाने उतरा आणि त्याच दिवशी वर जा, दुपारनंतर तंगमर्गच्या पुढचा रस्ता गोठायला लागतो. तंगमर्गहून साखळ्या लावलेली स्थानिक गाडी करावी लागेल, तो खर्च धरून ठेवा. परतीच्या आदल्या रात्री मात्र श्रीनगरलाच या, कारण वरचा रस्ता बंद पडला तर विमान चुकतं. आणि रद्द करता येणारं बुकिंग घ्या. निघण्याच्या दहा दिवस आधी प्रशिक्षकाकडून त्या दिवशी काढलेला मैदानाचा व्हिडिओ मागवा.

बाइंडिंग_तपासा

साहित्याबद्दल मी लिहितो, कारण ठिकाण बरोबर निवडूनही आठवडा वाया जातो तो बुटांमुळे.

स्की, बूट, काठ्या, हेल्मेट तिथे भाड्याने घ्या. इथून न्यायचं ते अंगावरचं: चष्मा घालत असाल तर त्यावर बसणारा गॉगल, पाणी न शिरणारे हातमोजे प्रत्येकी दोन जोड, थर्मल, वरून फ्लीस, त्यावर वारा-पाणी अडवणारं जॅकेट आणि पॅन्ट. सुती काहीही नको, जीन्स तर नकोच. सुती कापड घाम आणि वितळलेला बर्फ धरून ठेवतं, आणि लिफ्टच्या रांगेत उभं राहिलं की अंग गार पडतं.

बूट. घरी भिंतीला टाच टेकवून उभं राहा, अंगठ्याच्या टोकापर्यंत सेंटिमीटरमध्ये माप घ्या. स्कीच्या बुटाचं माप तेच असतं: पाय २६.५ सेंटिमीटर तर बूट २६.५. दुकानदाराला चपलेचा नंबर सांगू नका. आतला मऊ अस्तराचा भाग काढून नुसत्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा, टाचेमागे साधारण दीड ते दोन सेंटिमीटर जागा राहिली तर माप बरोबर. मग अस्तरासकट घालून सरळ उभं राहा, बोटं पुढे जेमतेम टेकली पाहिजेत. गुडघे पुढे वाकवले की ती मागे सरकतात. टाच उचलली जाता कामा नये. शिकाऊ लोक ‘मोकळा वाटतोय’ म्हणून एक माप मोठा बूट घेतात. मग आत पाय फिरतो, पायाने दिलेलं वळण स्कीपर्यंत पोचतच नाही. तो घट्ट करायला पुढच्या पट्ट्या आवळतात आणि बोटं बधिर होतात. मोजे एकच, पातळ, गुडघ्यापर्यंतचे. दोन मोजे घातले की घडी पडते आणि फोड येतो. थर्मलची कड बुटात कोंबू नका, नडगीवर ती रुतते.

स्कीची लांबी मोठ्यांना हनुवटीपर्यंत, मुलांना छातीपासून हनुवटीपर्यंत. काही दुकानांत जुन्या, सरळ, डोक्याच्या वर जाणाऱ्या स्की पडून असतात. त्या घेऊ नका, वळायला फार जड जातात.

बाइंडिंगवर, म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीवर, एक आकडा असतो. पडल्यावर बूट किती जोराने सुटेल ते त्यावरून ठरतं. वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य यांवरून तक्त्यात बघून तो लावतात. ६५-७५ किलोच्या शिकाऊ माणसाला साधारण ४ ते ५.५, तुमच्या मुलाला दीड-दोनच्या आसपास. आधीच्या गिऱ्हाइकाचा ८ तसाच राहिला असेल तर पडल्यावर स्की सुटणार नाही आणि गुडघा पिळवटेल. आकडा तुमच्यासमोर लावून घ्या. मुलांच्या बुटांचा तळ वेगळ्या मापाचा असतो, म्हणून मुलांची बाइंडिंगच मागा, मोठ्यांची ‘चालवून’ घेऊ नका. रोज सकाळी स्की चढवताना बुटाखालचा बर्फ खरवडून काढा. तो दाबला गेला की बाइंडिंग अर्धवट बसतं आणि पहिल्याच वळणाला सुटतं.

शिवनेरी_

तब्येतीचं थोडं. २,६५० मीटरवर बहुतेकांना पहिल्या रात्री झोप हलकी लागते, सौम्य डोकेदुखी होते. पहिल्या दिवशी अर्धाच दिवस स्की करा, पाणी भरपूर प्या. डोकेदुखीबरोबर उलट्या, तोल जाणं किंवा बसल्या जागी धाप लागणं दिसलं तर वाट न पाहता खाली उतरा.

दर हजार मीटरला अतिनील किरण सुमारे दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत परावर्तित करतो. ढगाळ दिवशीही गॉगल काढू नका. सनस्क्रीन हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांच्या कडांनाही लावा, कारण ऊन खालूनही येतं. कांगडी (निखाऱ्यांची छोटी शेगडी) किंवा बुखारी पेटती ठेवून बंद खोलीत झोपू नका, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. एखादी खिडकी बोटभर उघडी हवीच.

विम्याच्या कागदात ‘हिवाळी खेळ’ हे शब्द शोधा. साध्या प्रवास विम्यात स्कीइंग बहुधा वगळलेलं असतं, आणि जिथे असतं तिथेही आखलेल्या उताराबाहेरचा अपघात धरत नाहीत. मोबाइलचं पोस्टपेड कार्ड न्या, बाहेरच्या राज्यांतलं प्रीपेड काश्मीरमध्ये चालत नाही.

निशिगंधा_पुणे

शेवटचा एक प्रश्न. माझा उजवा गुडघा जिने उतरताना कधीकधी दुखतो. फेब्रुवारीपर्यंत वेळ आहे. काही करता येईल की मी बाहेर बसून बघायचं?

शिवनेरी_

आधी अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा. गुडघा सैल वाटतो का, मध्येच अडकतो का, हे त्यांना नेमकं सांगा, कारण तसं असेल तर या वर्षी स्की नको. मांडीचे स्नायू कमजोर असल्याचंच निघालं तर आठ आठवड्यांत पुष्कळ फरक पडतो. भिंतीला पाठ टेकवून अर्धवट बसणं, दुखत नाही तेवढंच खाली, ३० सेकंद, चार वेळा. एका पायाने बुटक्या पायरीवरून हळू उतरणं, प्रत्येक पायाला दहा. आठवड्यातून तीन दिवस. तिथे गेल्यावर दुपारी तीननंतर स्की करू नका. तोवर मांड्या थकतात आणि ऊन उतरल्यावर मैदानाचा वरचा थर कडक व्हायला लागतो.

हिमवाट

आणि आठ दिवस पूर्ण धरूनच तिकीट काढा: पोचण्याचा एक, शिकण्याचे पाच, हवामानासाठी राखीव एक, श्रीनगरचा एक. राखीव दिवस शिकण्याच्या मधोमध येऊ शकतो, म्हणून प्रशिक्षकाला पैसे दिवसागणिक ठरवा, आठवड्याचे एकरकमी नाही.